पुणे ते नागपूर : अंतर किती आणि वेळ कोणाचा?



पुण्याहून नागपूर विमानाने किती लांब आणि तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, हा आमचा आजचा विषय. विषय इतका साधा की त्यावर व्याख्यान कशाला, असे मंडपात शिरता शिरताच दोघाचौघांनी आम्हांस विचारले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तिकीट पाहिले की उत्तर मिळते. सुटण्याची वेळ छापलेली, पोहोचण्याची वेळ छापलेली. वजाबाकी केली की सव्वा ते दीड तास. अंतर विचाराल तर सुमारे ६०५ किलोमीटर. येथेच आभार मानून खाली बसायला हरकत नव्हती.

परंतु आमचा सारा जन्म कामाचे तास मोजण्यात आणि त्या मोजणीवरून भांडण्यात गेला. त्या भांडणांतून एक गोष्ट आम्ही शिकलो, ती अशी की कोणी तासांचा आकडा पुढे केला की त्याला आधी विचारावे, "घड्याळ कोठे सुरू केलेत आणि कोठे थांबवलेत?" आकडा खोटा नसतो, पण तो कोठून कोठपर्यंतचा, हे बहुधा सांगितलेले नसते. पुणे–नागपूर विमानाचा सव्वा-दीड तासही असाच आहे. तो उलगडून पाहावा, एवढाच आजचा हेतू.

आम्ही वैमानिक नाही, भूगोलाचे प्राध्यापकही नाही. आमची शाळा आठवीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या पाळ्यांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे सांगू ते ज्याला बेरीज-वजाबाकी येते त्याला पडताळून पाहता येईल, अशाच रीतीने सांगू.

अंतर एक नाही, तीन आहेत

पुणे आणि नागपूर यांमधले सर्वांत लांबचे अंतर आगगाडीचे. पुण्याहून गाडी निघते ती आधी दौंडला जाते. तेथून उत्तरेला वळून अहिल्यानगरवरून मनमाडला चढते. आणि मग पूर्वेला तोंड करून जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा करीत नागपूर गाठते. ही वाट सुमारे ८८० ते ८९० किलोमीटर भरते. नागपूर ईशान्येला असताना आधी एवढे उत्तरेकडे कशाला जायचे, असे नव्या उतारूला वाटते. पण ही वाट पुणे–नागपूरच्या उतारूसाठी आखलेलीच नव्हती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६७ साली नागपूरला पोहोचले ते मुंबई बंदरापासून. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बंदराला लागावा, ही त्यामागची मोठी निकड. दौंड–मनमाड हा जोड त्यानंतर, १८७८ साली झाला. म्हणजे आजही आपण दीडशे वर्षांपूर्वीच्या कापसाच्या गाठींमागून प्रवास करतो आहोत. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे आणि नागपुरातील अजनी यांच्यामध्ये वंदे भारत गाडी सुरू झाली. ती ही वाट बारा तासांत कापते. सरासरी वेग पडतो ताशी सुमारे ७३ किलोमीटर.

दुसरे अंतर सडकेचे. ते ७०० किलोमीटरच्या थोडे वर जाते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून तो जून २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यासह खुला झाला. पुण्याचा मोटारवाला अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगरकडे जाऊन त्या रस्त्याला लागतो. सडकेला रुळापेक्षा वळसा कमी. पण डोंगर, नद्या, गावे आणि जमिनीची मोजणी यांतून तिचीही सुटका नाही.

तिसरे अंतर हवेतले. त्याला डोंगर नाही, नदी नाही, जमीन संपादन नाही. ते सर्वांत थोडे, ६०५ किलोमीटर. रुळापेक्षा पावणेतीनशे किलोमीटरहून अधिक कमी. विमानाची पहिली कमाई ही अशी वळसा वाचवण्यात आहे. वेगाची कमाई त्यानंतरची.

दोऱ्याने मोजलेली वाट

हे ६०५ आले कोठून? आमच्या कचेरीत पृथ्वीचा एक गोल आहे, जुन्या बाजारातून आणलेला. त्यावर पुण्याला एक बोट आणि नागपूरला दुसरे बोट ठेवून मध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप सर्वांत जवळची वाट घेतो. गोलावरची ही जी ताणलेल्या दोऱ्याची रेघ, तेच विमानाचे सरळ अंतर. दूर देशी जायचे असेल तर ही रेघ सपाट नकाशावर धनुष्यासारखी वाकलेली दिसते. पुणे–नागपूरएवढ्या टप्प्यात मात्र नकाशा आणि गोल यांत फरक नाममात्र पडतो. म्हणून आपले काम साध्या भूमितीवर भागते.

पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे. त्याचे अक्षांश १८.५८ आणि रेखांश ७३.९२. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, अक्षांश २१.०९, रेखांश ७९.०५. म्हणजे नागपूर पुण्याच्या २.५१ अंश उत्तरेला आणि ५.१३ अंश पूर्वेला आहे. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर; त्या हिशेबाने उत्तरेकडचे अंतर २७९ किलोमीटर. पूर्व-पश्चिम अंश विषुववृत्तावर तेवढाच मोठा असतो, पण ध्रुवाकडे जावे तसा आखडत जातो. आपल्या पट्ट्यात तो सुमारे १०४.७ किलोमीटरचा असतो. म्हणून पूर्वेकडचे अंतर ५३७ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धान्त लावा. दोन्ही बाजूंचे वर्ग करून मिळवा आणि वर्गमूळ काढा. उत्तर ६०५ येते. वाचनालयाच्या बाकावर आम्ही हे उत्तर पहिल्यांदा काढले तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. विमानात न बसताच त्याची वाट मोजली होती.

वैमानिक मात्र किलोमीटरमध्ये बोलत नाही. त्याचे माप सागरी मैल. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग करा. त्यांतला एक भाग, म्हणजे एक कला, तो एक सागरी मैल. आपल्या मापाने १.८५२ किलोमीटर. पुणे–नागपूर असे सुमारे ३२७ मैल होतात.

रेखांशाचा निघाला आहे तर एक उपकथा सांगून पुढे जाऊ. सूर्याला एक अंश चालायला चार मिनिटे लागतात. ५.१३ अंश म्हणजे साडेवीस मिनिटे. नागपूरला माध्यान्ह होते त्यानंतर साडेवीस मिनिटांनी ती पुण्याला होते. दोन्ही गावांनी आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळे लावली असती, तर ८५ मिनिटांचे विमान जाताना १०५ मिनिटांचे आणि येताना ६५ मिनिटांचे दिसले असते. तसे दिसत नाही, कारण १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. ही सोय सर्वांना सुखाने मानवली असे मात्र नाही. मुंबईची जुनी वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. त्या जानेवारीत गिरणीचे घड्याळ पुढे सरकले तेव्हा कामगार खवळून उठले; कारण सूर्याच्या हिशेबाने त्यांना ३९ मिनिटे आधी फाटकाशी हजर व्हायचे होते. पुढेही मुंबईची वेळ पालिकेच्या घड्याळांवर कित्येक वर्षे टिकून राहिली. आम्हांस ह्या कथेत रस आहे तो एवढ्यासाठी की घड्याळाचा काटा हलवला तर कोणाची तरी झोप हलते, हे कामगाराला तेव्हाच उमगले होते.

४४ मिनिटांचा दीड तास कसा होतो

ह्या वाटेवर चालतात त्या मोठ्या जेट विमानांचा उंचीवरचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. ६०५ ला ८३० ने भागा. ४४ मिनिटे येतात. तिकीट मात्र ८० ते ९० मिनिटे सांगते. मग मधली ४० मिनिटे कोठे गेली? ह्याचा जमाखर्च मांडू.

पहिला खर्च जमिनीवरचा. विमान आपल्या बळावर मागे सरत नाही. ट्रॅक्टर लावून त्याला मागे ढकलावे लागते. मग इंजिने सुरू होतात आणि विमान रांगत धावपट्टीच्या टोकाशी जाते. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी विमाने तेथे पाहुण्यासारखी. धावपट्टी एक, आणि तिच्यावर लढाऊ विमानांचाही हक्क. पाळी येईपर्यंत थांबणे आलेच.

दुसरा खर्च दिशेचा. विमानाने वाऱ्याला तोंड देऊन उडावे हा नियम. लोहगावची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. वारा पूर्वेचा असेल तर विमान उडताच नागपूरच्या रोखाने असते. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा असेल तर ते आधी नागपूरकडे पाठ करून उडते आणि मग वळते. नागपूरची गंमत आणखी वेगळी आहे. सोनेगावची धावपट्टी वायव्येकडून आग्नेयेकडे पसरलेली आहे, आणि पुण्याहून येणारी वाट तिला जवळजवळ काटकोनात येऊन भिडते. सरळ येऊन टेकावे अशी सोय नाही. मोठे वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. उताऱ्याला खिडकीतून नागपूर दिसू लागते, तो वरून पिशव्या काढायच्या बेतात असतो, आणि विमान शहराला बगल देऊन पुढे जाते, ते ह्यामुळे.

तिसरा खर्च चढ-उताराचा, आणि तोच मोठा. ८३० हा वेग दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचा आहे. दहा हजार फुटांच्या खाली ताशी २५० सागरी मैलांहून, म्हणजे सुमारे ४६३ किलोमीटरहून अधिक वेगाने जायचे नाही, असा सर्वसाधारण दंडक आहे. उंची गाठेपर्यंत दोनएकशे किलोमीटर संपतात. उतरण सुरू करायची ती नागपूर तितकेच दूर असताना. ६०५ मधून हे दोन्ही वजा केले तर पुऱ्या वेगाने जायला उरतात जेमतेम २०० किलोमीटर, म्हणजे पंधरा मिनिटे. ह्याच पंधरा मिनिटांच्या आगेमागे विमानातल्या मुलींना दीडशेहून अधिक लोकांना खाणेपिणे देऊन उष्टे कागद गोळा करायचे असतात. त्या धावताना दिसतात त्याचे कारण हे गणित आहे.

चौथा खर्च वाटेचा. आकाश मोकळे दिसते, पण त्यातही ठरावीक मार्ग आणि ठरावीक खुणेचे बिंदू आहेत. लष्कराचे राखीव प्रदेश आहेत. त्यामुळे दोऱ्याची सरळ रेघ प्रत्यक्षात थोडी मोडत मोडत जाते.

पाचवा खर्च राखीव मिनिटांचा. वेळापत्रक करणारे नेमका लागतो तेवढाच वेळ छापत नाहीत. पदरी काही मिनिटे ठेवतात. छापील वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत आलेले विमान वेळेवर आले असे धरण्याची रीत आहे. "आपण दहा मिनिटे लवकर पोहोचलो आहोत" अशी घोषणा होते, तेव्हा विमान जोरात आले असेलच असे नाही. ती दहा मिनिटे कदाचित आपल्याच खात्यावर आधी लिहिलेली असतात.

वाऱ्याचा वाटा

आता वरच्या वाऱ्याचे. पुणेकरांना सिमला ऑफिसचा चौक ठाऊक आहे. हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आले, त्यावरून ते नाव रूढ झाले. त्या शास्त्राने सांगितलेली गोष्ट आपल्या विषयाला नेमकी लागू पडते. हिवाळ्यात आपल्या डोक्यावर उंच हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या विमानाला ते मागून रेटतात आणि परत येणाऱ्याला समोरून अडवतात. पावसाळ्यात चित्र पालटते. दक्षिण भारतावर चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोराचा झोत वाहू लागतो. त्याच्याखालच्या थरांतही वारा पूर्वेचाच असतो. ह्या पूर्वेच्या झोताचा शोध पी. कोटेश्वरम् ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. तेव्हा पावसाळ्यात जाणारा अडतो आणि येणाऱ्याला ढकल मिळते.

उदाहरण घेऊ. विमानाचा हवेतला वेग ८०० आणि वारा ८० धरा. वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून वेग पडतो ८८०, आणि ६०५ किलोमीटरला ४१ मिनिटे लागतात. वारा समोरून असेल तर वेग ७२०, आणि मिनिटे ५०. सबंध वाट त्याच वेगाने गेली असे धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे. पण त्यातून मुद्दा कळतो. अंतर तेच, विमान तेच, वैमानिक तोच, आणि नऊ मिनिटांचा फरक. तेव्हा ह्या दोन गावांतला विमानाचा वेळ किती, ह्याला एक आकडा हे उत्तर कधीच खरे नसते. ऋतू आणि दिशा विचारावी लागते.

रात्रीच्या टपालाचे नागपूर

नागपूरचा विमानाशी संबंध जुना आहे आणि तो रात्रीचा आहे. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. नागपूरच का, ह्याचे उत्तर पुन्हा दोऱ्यातच आहे. गोलावर दोरा धरला तर नागपूरपासून ही चारही शहरे सातशे ते हजार किलोमीटरच्या आत येतात. दिवसा लिहिलेले पत्र दुसऱ्या दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचे. ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

त्या काळचे डाकोटा विमान ताशी पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर जाई. पुणे–नागपूरला त्याला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला असता. आजचे विमान त्याच्या जवळजवळ तिप्पट वेगाचे. पण तिकिटावरचा वेळ काही एक-तृतीयांश झालेला नाही, कारण वर मांडलेला जमिनीवरचा खर्च वेगाने कमी होत नाही. आणखी एक गोष्ट बदललेली नाही. थैल्या एका विमानातून काढून दुसऱ्यात भरायला तेव्हा मध्यरात्री माणसे उभी होती; आजही कोठल्याही विमानतळावर मध्यरात्री माणसेच उभी असतात.

दारापासून दारापर्यंत

उताऱ्याचे घड्याळ विमानाबरोबर सुरू होत नाही, घराला कुलूप लावले की सुरू होते. कोथरूडच्या माणसाचा हिशेब करू. लोहगावला पोहोचायला गर्दीतून सव्वा तास. सामान देण्याची खिडकी विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, म्हणून शहाणा माणूस पावणेदोन तास आधी जातो. विमानाची ८५ मिनिटे. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी २५ मिनिटे. सोनेगावहून सीताबर्डीपर्यंत अर्धा तास. बेरीज ३२० मिनिटे, म्हणजे पाच तास वीस मिनिटे. त्यात ४४ मिनिटांचे ते शुद्ध उड्डाण सातव्या हिश्शाहूनही कमी. ६०५ किलोमीटरला हे तास लावले तर आपला विमानप्रवास ताशी ११३ किलोमीटरने होतो.

ह्यावरून विमान निरुपयोगी, असा अर्थ कोणी काढू नये. बारा तास आणि साडेपाच तास यांत फरक आहेच. आजारी माणसाला भेटायला निघालेल्याला तो फार मोठा आहे. पण वर्ध्याला उतरायचे असेल, सामान बरेच असेल, किंवा घर पुणे स्टेशनाशी आणि विमानतळापासून दूर असेल, तर दारापासून दारापर्यंतची बेरीज ज्याने त्याने आपली आपण करावी.

अटकण

आता ज्या कारणासाठी आम्ही हा विषय घेतला तेथे आलो. विमानाचा उड्डाणकाळ कशाला म्हणावे, ह्याची व्याख्या जगभर मान्य आहे. उडण्यासाठी विमान जागचे प्रथम हलते त्या क्षणापासून, उड्डाण संपून ते अखेरचे थांबते त्या क्षणापर्यंतचा वेळ, तो उड्डाणकाळ. बैलगाडी उतारावर उभी करताना चाकापुढे दगड लावतात, तशी उभ्या विमानाच्या चाकांना अटकण लावलेली असते. आमचे लोडर तिला चॉक म्हणतात. म्हणून ह्या काळाला चॉक ते चॉक असेही नाव आहे. तिकिटावरची ८५ मिनिटे ती हीच. अटकण निघाली की घड्याळ सुरू, अटकण लागली की बंद.

एका विमानतळावरील कंत्राटी कामगार काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेत आले. विमानतळाचे आणि कंत्राटदाराचे नाव सांगत नाही. प्रश्न नावाचा नाही, रीतीचा आहे. पाळी आठ तासांची. हजेरी घेत ती आत, विमाने उभी राहतात त्या फरशीवर. परंतु तेथवर जायचे म्हणजे बाहेरच्या दरवाजाशी रांग, पास दाखवणे, अंगझडती, डबा उघडून दाखवणे. ह्यात चाळीस-पन्नास मिनिटे जात. पाळी सुटल्यावर बाहेर पडताना पुन्हा रांग. हा वेळ कोणाच्याच हिशेबात नव्हता.

आमचे एक सहकारी, वयाने आमच्याएवढेच, चॉक लावण्या-काढण्याचे काम करीत. एके दिवशी ते हजेरीला अकरा मिनिटे उशिरा पोहोचले. दरवाजाशी ते पाऊण तास आधीपासून उभे होते. रांग लांब होती. त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. संध्याकाळी ते कचेरीत आले. रागावलेले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, विमान हललं की त्याचं घड्याळ सुरू होतं म्हणतात. ते हलतं मी चॉक काढला की. मग माझं घड्याळ कुठून सुरू होतं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला आम्ही नियमांची पुस्तके चाळली, आणि तेथे एक गोष्ट सापडली. वैमानिकाच्या बाबतीत दोन निरनिराळे हिशेब ठेवतात. एक उड्डाणकाळाचा, चॉक ते चॉक. दुसरा कामावरच्या काळाचा. आणि तो विमान हलल्यावर सुरू होत नाही, वैमानिकाला हजर राहायला सांगितले असेल त्या वेळेपासून सुरू होतो. त्याचे कारणही उघड आहे. माणूस थकतो तो हजर झाल्यापासून. विमान केव्हा हलले हे त्याच्या शरीराला ठाऊक नसते.

हे आम्ही बोलणीच्या टेबलावर मांडले. समोरून उत्तर आले, "ते वैमानिकांसाठी आहे, सुरक्षिततेचा प्रश्न असतो." आम्ही म्हणालो, सामान चुकीच्या कप्प्यात भरले गेले, अटकण नीट बसली नाही, तर तो सुरक्षिततेचा प्रश्न नाही काय? दोन महिने बोलणी चालली. अखेर हजेरी बाहेरच्या दरवाजाशी घेण्याचे ठरले. बाहेर पडतानाचा वेळ अजून मिळालेला नाही. आणि त्या सहकाऱ्यांचा कापलेला अर्धा दिवस परत मिळाला नाही, तो नाहीच.

हा प्रश्न गरीब हमालांपुरता आहे असे समजू नका. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीच्या उतरणींवर मर्यादा घातली. बरीच ओढाताण होऊन ते नियम १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांनी लागू झाले. त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीला नव्या नियमांप्रमाणे माणसे पुरेनात. हजारो उड्डाणे रद्द झाली, लोक विमानतळांवर सामानावर डोके टेकून झोपले, आणि शेवटी सरकारने काही नियमांना तात्पुरती सूट दिली. ४८ तासांची विश्रांती ही चैन नव्हती. वेळापत्रक आखताना ती धरली गेली नव्हती, एवढेच.

सोनेगावच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळीत होते, त्या वेळी, १९४६ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक सभागृहात त्यांनीच मांडले होते. त्याच्याही आधी, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. हे तास कोणाला घड्याळाने आपण होऊन दिले नाहीत. कोणीतरी उठून मोजणीची सुरुवात बदलायला लावली, तेव्हा ते मिळाले.

तेव्हा श्रोतेहो, मूळ प्रश्नाचे उत्तर देऊन संपवतो. पुण्याहून नागपूर हवेतून ६०५ किलोमीटर. पुऱ्या वेगाने ४४ मिनिटे, तिकिटाप्रमाणे सव्वा ते दीड तास, आपल्या घरापासून साडेपाच तास. चारही आकडे खरे आहेत. जो तो आपल्या जागेवरून मोजलेला आहे. ह्यापुढे त्या विमानात बसाल, आणि खिडकीखाली कोणी वाकून चाकापुढची अटकण काढताना दिसेल, तर त्याचा दिवस त्या क्षणाच्या किती आधी सुरू झाला असेल, हा पाचवा आकडाही मनात धरा. तो तिकिटावर छापलेला नसतो.